अन्नजाळं शिकवताना प्रत्येक बाणाला विचारा, कशावरून?

अन्नसाखळीचा धडा वरवर इतका सोपा दिसतो की एका तासात उरकून टाकावासा वाटतो आणि तिथेच सगळं निसटतं. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड हे मुलं घडाघडा म्हणून दाखवतात, वहीत चित्र पण छान काढतात. पण सहज विचारून बघा, यातले सगळे बेडूक नाहीसे झाले तर गवताचं काय होईल? काही जण म्हणतात काहीच होणार नाही, बेडूक कुठे गवत खातो! काही जण म्हणतात सगळेच मरतील. बेडूक गेले तर नाकतोडे वाढतील, मग गवत कमी होईल, पण थांबा, नाकतोडे खाणारं दुसरं कोणी तिथे आहे का ते आधी बघायला पाहिजे, असं बोलणारं मूल क्वचितच भेटतं. आपल्याला तेच मूल तयार करायचंय.

मी हा सगळा भाग एकाच प्रश्नाभोवती बांधते, तो म्हणजे "कशावरून?" मुलाने फळ्यावर बाण काढला रे काढला की विचारायचं, कशावरून? तू स्वतः पाहिलंस, कुठे वाचलंस, का अंदाज आहे? तिन्ही उत्तरं चालतात, फक्त त्यातलं कुठलं ते त्याला सांगता आलं पाहिजे. एवढ्याने धड्याचा रंगच बदलतो, कारण बाण ही पाठ करायची गोष्ट राहत नाही, ते मुलाचं स्वतःचं म्हणणं होतं आणि ते त्याला सिद्ध करून दाखवावं लागतं.

आधी मुलांच्या डोक्यात काय आहे ते बाहेर काढा

शिकवायला सुरुवात करायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फक्त ऐका. चार-पाच प्राण्यांची आणि दोन वनस्पतींची नावं द्या आणि म्हणा, जोडा पाहिजे तसं. जवळजवळ प्रत्येक वर्गात काही ठरावीक समजुती वर येतात आणि त्या आत्ताच पकडल्या नाहीत तर परीक्षेपर्यंत तशाच राहतात.

पहिली म्हणजे बाण उलटा काढणं. साप बेडकाला खातो म्हणून बाण सापाकडून बेडकाकडे. मुलाच्या बाजूने हे अगदी लॉजिकल आहे, कारण वाक्यात साप आधी येतो. नुसतं "चूक, उलट कर" म्हणून भागत नाही. बाण मोठ्याने वाचायची एक ठरलेली पद्धत लावून द्या, "बेडकातली ऊर्जा सापाकडे जाते". प्रत्येक बाण असाच वाचायचा, दरवेळी. थोडे दिवस कंटाळवाणं वाटतं पण दिशा पक्की होते.

दुसरी समजूत, मोठा लहानाला खातो. मग हत्तीचं काय, आणि लांडग्यांचा कळप स्वतःपेक्षा कितीतरी मोठं हरीण मारतो त्याचं काय, हे मुलांनाच विचारा. तिसरी, साखळीत जो सगळ्यात वर तो खालच्या सगळ्यांना खातो. आणि चौथी सगळ्यात खोलवर रुजलेली असते, की झाडं मातीतून अन्न खातात. ही राहिली तर "उत्पादक" हा शब्दच पोकळ राहतो. इथे मी व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाचा जुना प्रयोग सांगते, १६४८ साली तो छापून आला. त्याने कुंडीतल्या वजन केलेल्या मातीत विलोचं रोप लावलं, ५ वर्षं फक्त पाणी घातलं, झाडाचं वजन साधारण ७४ किलोने वाढलं आणि मातीचं वजन कमी झालं जेमतेम ५७ ग्रॅम! मग एवढं झाड आलं कुठून? व्हॅन हेल्मॉन्टला वाटलं पाण्यातून. त्याचं उत्तर अर्धंच बरोबर होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबातच नव्हता. मुलांना हा प्रश्न लगेच उत्तर न देता एक रात्र घरी घेऊन जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी वर्गात भांडणं होतात आणि ती व्हायलाच पाहिजेत.

वाघ-सिंह नंतर, आधी मावा

पुस्तकातलं जाळं बहुतेक वेळा जंगलाचं असतं आणि त्यातला एकही बाण मुलाने पाहिलेला नसतो. म्हणून मी सुरुवात एका देठापासून करते. मावा म्हणजे झाडाचा रस पिणारे बारीक किडे, तो पडलेली कुठलीही कोवळी फांदी शोधा, आवारात, कुंडीत, कुंपणाच्या वेलीवर, कुठेही मिळते. फांदी तोडायची नाही, मुलांनीच तिथे जायचं. एका वेळी पाच-सहा जण, हातात भिंग किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करून, आणि नियम एकच, हात लावायचा नाही.

पहिली काही मिनिटं मुलं म्हणतात काहीच होत नाहीये. थांबायला सांगा. मग दिसायला लागतं. हिरवे किंवा काळे बारीक मावा कीटक सोंड देठात खुपसून जागच्या जागी बसलेले असतात, रस पीत. त्या रसात साखर भरपूर पण प्रथिनं बनवायला लागणारे घटक फार कमी, म्हणून मावा खूप रस पितो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात मागून बाहेर टाकतो. खालची पानं चकचकीत आणि चिकट दिसतात ती त्यामुळेच, आणि पानं जुनी असतील तर त्या साखरेवर काळी बुरशी पण वाढलेली असते. मुंग्या त्या थेंबांसाठीच येतात. नीट बघितलं तर मुंगी मिशांनी माव्याला हलकेच थोपटते आणि थेंब बाहेर आला की पिऊन टाकते. हे मुलाला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं ना, की "सहोपकारिता" हा जड शब्द नंतर सांगितला तरी चालतो, अर्थ आधीच बसलेला असतो.

मग खाणारे शोधायचे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला लेडीबर्ड म्हणजे ढालकिडा मुलं लगेच ओळखतात, पण त्याची अळी ओळखत नाहीत. ती लांबट, काळपट, नारिंगी ठिपक्यांची असते आणि ढालकिड्यासारखी अजिबात दिसत नाही, आणि मावा तर तीसुद्धा भरपूर खाते. मुलं तिला झाडाची शत्रू समजतात. तिथेच विचारा, कशावरून? पाच मिनिटं नजर ठेवा तिच्यावर, मग सांगा. आणि अजून एक गोष्ट नक्की शोधायला लावा, गर्दीत मध्येच एखादा मावा फुगलेला, बदामी रंगाचा, कागदासारखा कोरडा आणि अजिबात न हलणारा दिसतो. त्याच्या पाठीवर कधीकधी एक गोल भोक असतं. एका बारीक परजीवी गांधीलमाशीने माव्याच्या शरीरात अंडं घातलं, आतल्या अळीने त्याला आतून खाल्लं, आणि मोठी झाल्यावर भोक पाडून ती बाहेर उडून गेली. ती माशी तिथे आत्ता नाहीये, पण भोक आहे. हा पुरावा आहे आणि मुलांना पुरावा वाचायला शिकवायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

एका बोटभर देठावर शाकाहार, शिकार, परजीविता, सहोपकारिता आणि बुरशी एवढं सगळं मिळतं. मोठ्या वर्गांना पुढचंही सांगा, माव्याच्या शरीरात बुकनेरा नावाचे जिवाणू राहतात, ते त्याला रसात न मिळणारी अमिनो आम्लं बनवून देतात आणि त्यांच्याशिवाय माव्याचं चालत नाही. म्हणजे जाळ्यातल्या एका ठिपक्याच्या आत पण एक नातं आहे.

वहीत दोन रकाने पुरतात, "पाहिलं" आणि "अंदाज". मुंगीने ढालकिड्याला हुसकावलं ते पाहिलं. पक्षी ढालकिडे खात असतील हा अंदाज. नंतर जाळं काढताना पाहिलेल्याला सरळ रेषेचा बाण आणि अंदाजाला तुटक रेषेचा. मग मुलं आपणहून परत परत त्या फांदीकडे जातात, तुटक रेष सरळ करायला.

जाळं काढणं

वर्गात आल्यावर ग्रुपला मोठा चार्ट पेपर द्या आणि प्रत्येक जीवाची चिठ्ठी करा म्हणजे जागा बदलता येते, थेट स्केच पेनने काढलं की मुलं चूक दिसली तरी बदलत नाहीत, चित्र खराब होईल म्हणून. खाली वनस्पती, वर खाणारे असं ढोबळ ठेवलं तरी चालेल पण मजले आखू देऊ नका. कारण बरेच जीव दोन मजल्यांवर असतात. उंदीर दाणे खातो आणि किडे पण खातो, मग तो प्राथमिक भक्षक का द्वितीयक? तो दोन्ही आहे, आणि पोषण पातळी ही त्या प्राण्यावर मारलेला शिक्का नाही, तो त्या वेळी काय खातोय त्यावर ठरते, हे इथेच स्पष्ट होऊन जातं. बेडकाचं तर वयाप्रमाणे बदलतं, बऱ्याच जातींचे टॅडपोल शेवाळं खरवडून खातात आणि मोठे बेडूक किडे.

एवढं झालं की दुसऱ्या रंगाचं पेन काढा. अन्नाचे बाण फक्त कोण कोणाला खातं एवढंच सांगतात, पण मुंगी ढालकिड्याला खात नाही तरी त्याच्या आयुष्यावर परिणाम करतेच की. त्यासाठी प्रत्येक जोडीत दोन्ही बाजूंना चिन्हं द्यायची, फायदा असेल तर अधिक, तोटा असेल तर वजा, काही फरक नसेल तर शून्य. मावा आणि मुंगी, अधिक-अधिक. मावा आणि झाड, माव्याला अधिक झाडाला वजा. शिकार आणि परजीविता दोन्हीत चिन्हं सारखीच येतात, अधिक-वजा, आणि मुलं इथे गोंधळतात तेव्हा फरक सांगायचा की शिकारी भक्ष्याला मारून खातो आणि आयुष्यात अनेकांना खातो, परजीवी बहुतेक वेळा यजमानाला जिवंत ठेवूनच त्याच्यावर जगतो. आणि मग ती गांधीलमाशी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येते कारण ती एकाच यजमानावर वाढते पण शेवटी त्याला मारतेच. अशा मधल्या गोष्टी लपवू नका, मुलांना त्याच आवडतात.

शून्याबद्दल मात्र जपून. गुरांच्या मागे चालणारे बगळे हे सहभोजितेचं नेहमीचं उदाहरण, गुरं चालली की गवतातले किडे उडतात आणि बगळ्यांना कमी कष्टात मिळतात, गुरांना काही फरक पडत नाही. पण फरक पडत नाही हे कशावरून? शून्य सिद्ध करणं सगळ्यात अवघड असतं. आफ्रिकेतले ऑक्सपेकर पक्षी जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी खातात म्हणून ते वर्षानुवर्षं अधिक-अधिकचं उदाहरण म्हणून दिलं जायचं, मग दिसलं की ते जखमा टोचून उघड्या ठेवतात आणि रक्तही पितात. म्हणजे चिन्ह परिस्थितीप्रमाणे बदलू शकतं.

आणि स्पर्धा! ती तर जाळ्यात दिसतच नाही कारण स्पर्धेला बाणच नसतो. ती शोधायची युक्ती अशी, एकाच अन्नाकडून दोन वेगवेगळ्या खाणाऱ्यांकडे बाण गेले की तिथे स्पर्धा असू शकते. असू शकते म्हणतेय, आहेच असं नाही, अन्न भरपूर असेल तर नसेलही. गाउस या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती वेगवेगळ्या वाढवल्या तेव्हा दोन्ही छान वाढल्या, एकत्र वाढवल्या तर एक टिकली आणि दुसरी संपली. पण त्या संपलेल्या जातीबरोबर एक तिसरीच जात ठेवली तेव्हा दोघी टिकल्या, कारण त्या नळीत वेगवेगळ्या जागी वेगवेगळं खात होत्या. ही तीन वाक्यं सांगून विचारायचं, मग आपल्या फांदीवर ढालकिडा आणि गांधीलमाशी दोघंही माव्यावरच जगतात तरी दोघंही कसे टिकलेत? उत्तर माहीत नसलं तरी चालतं, तुटक रेषेत लिहू द्या.

लोकरीचा खेळ, पण थोडा सुधारून

हा खेळ बहुतेकांना माहीत आहे. मुलं गोल उभी, प्रत्येकाच्या गळ्यात एका जीवाचं कार्ड, लोकरीचा गुंडा एकाकडून दुसऱ्याकडे, जाळं तयार, मग एकाने ओढलं की ज्याला ज्याला ताण जाणवला त्याने हात वर करायचा. मजा येते आणि मुलांच्या लक्षात पण राहतं. पण नुसता एवढाच खेळला तर चुकीचा संदेश जातो, की सगळे धागे सारखेच महत्त्वाचे आणि कोणीही गेलं तरी सगळं कोसळतं.

म्हणून दोन बदल करा. एक, गुंडा फेकताना बाण वाचायचा आणि कोणी "कशावरून?" विचारलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर गुंडा परत. दोन, एखादा जीव गेला की त्याने धागे सोडायचे आणि उरलेल्यांनी मोजायचं की आपल्याकडे येणारे अन्नाचे किती धागे शिल्लक आहेत. ज्याचा एकच होता तो खाली बसतो, ज्याचे तीन होते तो उभा राहतो. सगळं खाणारा आणि एकच खाणारा यातला फरक तिथे उभ्या उभ्या कळतो. आणि कोणाला खाणारं कोणी उरलंच नाही तर त्याने दोन्ही हात पसरायचे, म्हणजे त्याची संख्या वाढली. हे नसलं तर मुलं फक्त मरण्याची बाजू शिकतात, वाढण्याची शिकतच नाहीत.

धागे सारखे नसतात हे दाखवायला रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगायलाच हवा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर १९६३ पासून तो एका पट्ट्यातले तारामासे उचलून लांब समुद्रात टाकत राहिला, शेजारचा पट्टा तसाच ठेवला. गोष्ट इथे थांबवा आणि मुलांना अंदाज लिहायला लावा. बहुतेक जण लिहितात की खाणारा गेला म्हणजे बाकीच्या सगळ्यांचं बरं झालं असेल, जाती वाढल्या असतील. मग सांगा, तिथल्या जाती १५ वरून ८ वर आल्या. मसल जातीच्या शिंपल्यांना तारामासा खाऊन आवरत होता, तो गेल्यावर त्यांनी खडकावरची जागा बळकावली आणि बाकीच्यांना चिकटायला जागाच उरली नाही. म्हणजे स्पर्धा जागेसाठी होती आणि भक्षक त्या स्पर्धेला लगाम घालत होता. पेनने हे १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि १९६९ मध्ये अशा जातीला कीस्टोन जात हे नाव दिलं. किनाऱ्यावर तारामासा संख्येने सगळ्यात जास्त कधीच नव्हता हे मुद्दाम सांगा.

चिन्हांचा गुणाकार

माझा सगळ्यात आवडता भाग हा, कारण गणितातलं शिकलेलं अचानक इथे कामाला येतं. समुद्री ऊदमांजर सी अर्चिन नावाचा काटेरी समुद्री प्राणी खातं, सी अर्चिन केल्प नावाचं मोठं समुद्री शैवाल खातो. ऊदमांजर अर्चिनला वजा, अर्चिन केल्पला वजा, वजा गुणिले वजा अधिक. म्हणजे केल्पला हातही न लावता ऊदमांजर केल्पच्या फायद्याचं ठरतं. एस्टेस आणि पाल्मिसानो या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरून नेमकं हे दाखवलं, ऊदमांजरं असलेल्या बेटांभोवती केल्पची जंगलं होती आणि नसलेल्या ठिकाणी अर्चिननी ती खाऊन टाकली होती. मग पुढे १९९० च्या दशकात त्याच भागात ऊदमांजरं झपाट्याने कमी झाली आणि १९९८ मध्ये एस्टेस आणि सहकाऱ्यांनी त्यामागे ओर्का म्हणजे किलर व्हेल त्यांना खायला लागल्याचं मांडलं. मुलांना म्हणा, आता करा गुणाकार. वजा, वजा, वजा. उत्तर वजा, केल्प कमी. आणि खरंच तसंच झालं होतं.

एकदा हे जमलं की मुलं कुठल्याही साखळीवर गुणाकार करत सुटतात, तेव्हा त्यांना परत देठावर आणा. मुंगी झाडाच्या फायद्याची का तोट्याची? एक वाट, मुंगी माव्याला सांभाळते, मावा झाडाला वजा, म्हणून तोटा. दुसरी वाट, मुंगी पानं खाणाऱ्या अळ्यांना हुसकावते, अळ्या झाडाला वजा, म्हणून फायदा. दोन वाटा, दोन उलटी उत्तरं! मग कुठली वाट जास्त जोरदार ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते झाडागणिक, हंगामागणिक बदलतं. मुलाने इथे "सांगता येत नाही, आधी मोजावं लागेल, आणि हे-हे मोजावं लागेल" असं लिहिलं तर मी पूर्ण मार्क देते.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लांडग्यांची गोष्ट मुलांनी व्हिडिओत पाहिलेली असते. १९९५ आणि १९९६ मध्ये तिथे लांडगे परत आणले, मग एल्क हरणं कमी झाली, विलो आणि ॲस्पेनची झाडं वाढली, नद्यांनी वळणं बदलली वगैरे. गोष्ट सुंदर आहे पण सांगताना हे पण सांगा की त्यातल्या बऱ्याच बाणांवर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, कारण त्याच काळात अस्वलं आणि कूगर (मोठी रानमांजरं) वाढले होते, माणसंही एल्कची शिकार करत होती, दुष्काळ होता, ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर नव्हते म्हणून ओढ्यांचं पाणी खाली गेलं होतं. मुलांना हा वादच द्या. कुठला बाण सरळ रेषेचा, कुठला तुटक?

ऊर्जा आणि १० टक्के

याला फार वेळ लागत नाही. १ लिटर पाणी उत्पादकांचं, त्यातलं १०० मिली शाकाहारी प्राण्याच्या पेल्यात, त्यातलं १० मिली पुढे, मग १ मिली, म्हणजे ड्रॉपरचे साधारण २० थेंब. शेवटचा पेला बघूनच मुलांना कळतं की वरचे शिकारी इतके थोडे का असतात आणि साखळ्या चार-पाच कड्यांच्या पुढे सहसा का जात नाहीत. बाकीचं पाणी फेकून देऊ नका, दुसऱ्या भांड्यात जमा करा आणि विचारा हे कुठे गेलं? श्वसनातून उष्णता म्हणून गेलं, काही पचलंच नाही, काही कोणी खाल्लंच नाही आणि विघटकांकडे गेलं. ऊर्जा नष्ट झाली असं म्हणू देऊ नका. रेमंड लिंडेमनने १९४२ मध्ये एका छोट्या तळ्याच्या अभ्यासातून ऊर्जेचा हा हिशोब मांडला आणि पुढे १० टक्के हा आकडा रुळला, पण तो सरासरीचा आहे, प्रत्यक्षात कधी ५ च्या आसपास तर कधी २० पर्यंत जातो. हे सांगितलं नाही तर मुलं त्याला गुरुत्वाकर्षणासारखा नियम समजतात.

आणि एक, ऊर्जा एकदा उष्णता होऊन गेली की परत येत नाही, पण कार्बन, नायट्रोजन, पाणी हे फिरत राहतात. दोन्हींसाठी वेगळे रंग वापरा, नाहीतर मुलं "ऊर्जेचं चक्र" लिहून मोकळी होतात.

विघटकांना कोपऱ्यात टाकू नका

चार्टवर विघटक हे बहुतेक वेळा एका कोपऱ्यात एक मशरूम काढून संपतात. त्यांना दाखवा. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळं करा, त्यात आत जाळीचा तुकडा बसवा, वर ओलसर पालापाचोळा मातीसकट भरा, खाली ग्लासात ओला टिश्यू पेपर ठेवा आणि वरून दिवा लावा. प्रकाश आणि कोरडेपणा टाळत बारीक जीव खाली खाली सरकतात आणि ग्लासात पडतात. एक-दोन दिवस ठेवावं लागतं. दिवा पाल्यापासून पुरेसा वर हवा आणि कोणी नसताना चालू ठेवायचा नाही, पाला वाळला की पेट घेऊ शकतो. भिंगाखाली उड्या मारणारे पांढरट स्प्रिंगटेल, गोल गोल माइट, कधी छोटी गोम असं सापडतं. बघून झालं की परत त्याच जागी सोडायचं. आणि तिथेच स्पष्ट करा, की हे पालापाचोळा चावून बारीक करतात, त्यावरची बुरशी खातात, काही तर एकमेकांना खातात, आणि खरं रासायनिक विघटन करतात ते बुरशी आणि जिवाणू. म्हणजे पाल्यातही एक पूर्ण अन्नजाळं आहे.

मेलेलं खाणाऱ्यांचं महत्त्व कळायला गिधाडांचं उदाहरण मोठ्या वर्गात जरूर घ्या. दक्षिण आशियात १९९० च्या दशकापासून गिधाडांच्या तीन जाती ९० टक्क्यांहून जास्त घटल्या. अनेक अंदाज झाले, रोग असेल, अन्न कमी असेल. २००४ मध्ये कारण समोर आलं, गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ यांनी गुरांसाठी त्यावर बंदी घातली. यात मुलांनी शोधायचं ते हे, की अन्नाच्या बाणावरून अन्नाशिवाय अजून काय काय प्रवास करू शकतं.

आकडे असलेला एक तास

आठवी-नववीच्या पुढे लिंक्स (एक मोठं रानमांजर) आणि ससा यांचा आलेख घ्या. कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या जुन्या नोंदींवरून काढलेला, साधारण दर १० वर्षांनी ससे वाढतात, मागोमाग लिंक्स वाढतात, मग ससे पडतात, मग लिंक्स. मुलं लगेच म्हणतात, लिंक्सने सशांना खाल्लं म्हणून. कशावरून? आलेखात दोन गोष्टी मागेपुढे हलतात एवढंच दिसतं, कारण दिसत नाही. मग क्लुआनेचा प्रयोग द्या. कॅनडाच्या युकॉनमध्ये चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी काही भागात सशांना जादा अन्न दिलं, एका भागाला असं विजेचं कुंपण घातलं की ससे ये-जा करतील पण लिंक्ससारखे शिकारी येणार नाहीत, आणि एका भागात दोन्ही केलं. नुसतं कुंपण, ससे साधारण दुप्पट. नुसतं अन्न, साधारण तिप्पट. दोन्ही एकत्र केल्यावर किती, ते मुलांना आधी लिहायला लावा. कोणी ५ म्हणेल, कोणी ६. उत्तर साधारण ११ पट. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मग वर्गात शांतपणे विचारा, का बरं बेरीज पण नाही आणि गुणाकार पण नाही? भुकेला ससा अन्नासाठी जास्त हिंडतो आणि जास्त सापडतो, घाबरलेला ससा कमी खातो, असं मुलंच हळूहळू सांगायला लागतात.

वयाप्रमाणे थोडं कमी-जास्त

प्राथमिकच्या मुलांना देठ, बाण वाचणं आणि लोकर एवढं भरपूर झालं. सहावी-सातवीला चिन्हं आणि पाण्याचे पेले. गुणाकार, क्लुआने, यलोस्टोनचा वाद हे त्यापुढे. सगळं एका वर्षात कोंबायचा प्रयत्न करू नका.

तपासायचं कसं

व्याख्या विचारून यातलं काहीच कळत नाही. मुलांनी कधी न पाहिलेलं सात-आठ जीवांचं जाळं द्या, तळ्याचं द्या हवं तर, शेवाळं, पाण्यातले पिसू, टॅडपोल, चतुराची अळी, छोटे मासे, खंड्या. तीन प्रश्न पुरतात. यातला एक जीव गेला तर ज्याच्याशी त्याचा थेट बाण नाही अशा एका जीवाचं काय होईल आणि कुठल्या वाटेने? दुसरी उलटी वाट आहे का? आणि कुठल्या बाणाबद्दल तुला सगळ्यात कमी खात्री आहे, तो तपासायला तू काय बघशील? मार्क वाटेला द्या, शेवटच्या "वाढेल-कमी होईल"ला कमी द्या. चतुराची अळी टॅडपोल पण खाते आणि पाण्यातले पिसू पण, त्यामुळे मासे काढले की शेवाळ्याचं काय होतं याची दोन वेगळी पण बरोबर उत्तरं येऊ शकतात. दोन्ही मुलांनी वाट नीट दाखवली असेल तर दोघांनाही पूर्ण मार्क, आणि पेपर परत देताना ती दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ज्याचं कारण बरोबर आहे पण बाण उलटा पडलाय त्याला लाल शेरा मारण्यापेक्षा जवळ बोलवा आणि तो बाण मोठ्याने वाचायला सांगा, "माशातली ऊर्जा शेवाळ्याकडे जाते" असं स्वतःच्या तोंडून आलं की बहुतेक मुलं वाक्य पूर्ण व्हायच्या आतच रबर शोधतात.